संध्याकाळी स्वच्छ, सकाळी गढूळ : अभिक्रियेसाठी केलेलं मायक्रोइमल्शन का फुटतं

मायक्रोइमल्शन म्हणजे सर्फॅक्टंटच्या (तेल आणि पाणी जोडून धरणाऱ्या साबणासारख्या पदार्थाच्या) मदतीने झालेलं तेल-पाण्याचं पारदर्शक मिश्रण; तेलातला आणि पाण्यातला अभिकारक एकमेकांना भेटावेत म्हणून त्यात अभिक्रिया चालवतात. ते फुटल्याची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते. "काल जाताना काचेसारखं स्वच्छ होतं, आज येऊन बघते तर तळाला पाणी सुटलंय." कधी पाणी न सुटता सगळंच दुधाळ झालेलं असतं, कधी तळाशी पांढरा साका बसलेला असतो. कधी अभिकारक टाकेपर्यंत सगळं ठीक असतं आणि शेवटचा अर्धा मिलिलिटर पडताच धुकं धरतं. यावर सर्रास दोन उपाय केले जातात: आणखी सर्फॅक्टंट ओतायचं, नाहीतर फ्लास्क सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी मिश्रण घुसळणाऱ्या यंत्रात) बसवायचा. पहिल्याने कधीकधी जमून जातं, पण मग उत्पादन वेगळं करताना फेसाने जीव नकोसा होतो. दुसऱ्याने काहीच सुटत नाही, दुखणं काही तास पुढे ढकललं जातं एवढंच.

मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत रेसिपी चुकलेली नव्हती. ती साध्या पाण्याने, रिकाम्या तेलात, दुपारच्या तापमानाला तपासलेली होती. अभिक्रिया मात्र क्षाराच्या द्रावणाने, अभिकारक विरघळलेल्या तेलात, रात्रभर चालवली जात होती. म्हणजे ज्या मिश्रणाचा फेज डायग्राम (घटकांच्या कुठल्या प्रमाणाला मिश्रण एकसंध राहतं याचा नकाशा) काढला ते एक, आणि फ्लास्कमध्ये होतं ते दुसरंच. खालचं सगळं याच एका मुद्द्याभोवती फिरतं.

आधी हे ठरवा: हे मायक्रोइमल्शन आहे का?

हा प्रश्न अपमानास्पद वाटतो, पण विचारावा लागतो. पारदर्शक दिसणारं प्रत्येक तेल-पाण्याचं मिश्रण मायक्रोइमल्शन नसतं. होर आणि शुलमन यांनी १९४३ साली अशा पारदर्शक मिश्रणांचं वर्णन केलं, आणि 'मायक्रोइमल्शन' हे नाव शुलमन व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये रूढ केलं. हे नावच थोडं फसवं आहे, कारण त्यामुळे हा साध्या इमल्शनचा बारीक थेंबांचा प्रकार असावा असं वाटतं. तसं नाही. साधं इमल्शन आज ना उद्या फुटणारच असतं. मायक्रोइमल्शन ही त्या घटकांची, त्या तापमानाची समतोल अवस्था असते. ते आपणहून होतं आणि परिस्थिती बदलली नाही तर तसंच राहतं. नॅनोइमल्शनचे थेंबही तितकेच बारीक असू शकतात, पण ते जोर लावून केलेले असतात आणि सावकाश का होईना मोठे होत जातात.

फरक ओळखायला महागडं उपकरण लागत नाही. तीन परीक्षानळ्या घ्या, तिन्हींत घटकांची मापं तंतोतंत सारखी ठेवा, फक्त घालण्याचा क्रम बदला: एकीत पाणी शेवटी, दुसरीत तेल शेवटी, तिसरीत सर्फॅक्टंटचं मदतनीस अल्कोहोल शेवटी. हाताने हलवा आणि ठरलेल्या तापमानाच्या बाथमध्ये रात्रभर ठेवा. मायक्रोइमल्शनला आपण कुठल्या वाटेने आलो याची आठवण नसते. तिन्ही नळ्या सारख्याच दिसायला हव्यात. मग एक नळी गढूळ होईपर्यंत गरम किंवा थंड करा आणि परत मूळ तापमानाला आणा. ती पुन्हा स्वच्छ झाली तर ठीक. क्रमानुसार निकाल बदलत असेल किंवा सोनिकेटरशिवाय स्वच्छ होतच नसेल, तर तुमच्याकडे नॅनोइमल्शन आहे आणि या लेखातले उपाय त्याला लागू पडणार नाहीत.

एक सवलत मात्र द्या. स्वच्छ होण्याच्या सीमेजवळ समतोल यायला तास लागतात. पाच मिनिटांत गढूळ दिसलं म्हणून नळी ओतून देऊ नका, आणि पाच मिनिटांत स्वच्छ दिसलं म्हणून वहीत 'स्थिर' असंही लिहू नका.

नळी वाचायला शिका

फुटलेली नळी फेकण्याआधी स्टँडला लावून ठेवा आणि थर वेगळे होऊ द्या. नेमकं काय सुटलं आहे, यात निम्मं निदान असतं. विन्सर यांनी १९४८ साली केलेली वर्गवारी आजही रोजच्या कामाला पुरते.

तळाला स्वच्छ पाणी आणि वर मायक्रोइमल्शन असेल, तर सर्फॅक्टंट तेलाकडे जास्त झुकलं आहे, म्हणजे त्याला पाण्यापेक्षा तेल जास्त मानवतंय. उलट वर मोकळं तेल तरंगत असेल, तर ते पाण्याकडे झुकलं आहे. तीन थर दिसत असतील, म्हणजे खाली पाणी, वर तेल आणि मध्ये सगळं सर्फॅक्टंट धरून बसलेला पातळ पट्टा, तर झुकाव बरोबर मध्यावर आहे आणि फक्त सर्फॅक्टंटचं प्रमाण कमी पडतंय. आणखी सर्फॅक्टंट घालणं खऱ्या अर्थाने योग्य ठरतं ते बहुधा या तिसऱ्या प्रकारात. पहिल्या दोन्हींत आधी झुकाव दुरुस्त करायचा असतो.

क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन तेल म्हणून वापरत असाल तर वर-खाली उलटं वाचा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही घाईत विसरलं जातं. शंका आली तर थरातला एक थेंब ड्रॉपरने काढून पाण्यात सोडा. लगेच मिसळला तर तो थर पाण्याचा, भिंगासारखा वेगळा राहिला तर तेलाचा. थर ओळखायला मेथिलीन ब्लू हा निळा रंग टाकायची सवय काहींना असते. एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) किंवा एओटी (सोडियम डायऑक्टिल सल्फोसक्सिनेट) यांसारखं ऋणभारित सर्फॅक्टंट असेल तर ते टाळा. मेथिलीन ब्लू त्याच्याशी जोडी करून तेलात शिरतो आणि तुम्ही तेलालाच पाणी समजून बसता. पाण्यातली डिटर्जंटं मोजायची जुनी चाचणी याच गुणावर उभी आहे.

झुकाव दुरुस्त करायचा तर दिशा लक्षात ठेवावी लागते, आणि गोंधळ इथेच होतो, कारण तापमानाचा परिणाम सर्फॅक्टंटच्या प्रकारानुसार उलटा होतो. इथॉक्सिलेट साखळीची अनायनिक (भार नसलेली) सर्फॅक्टंटं तापवली की तेलाकडे झुकतात, कारण साखळीभोवतीचं पाणी सुटत जातं. एसडीएस, सीटॅब (सेटिलट्रायमेथिलअमोनियम ब्रोमाइड), एओटी यांसारखी आयनिक (भारित) सर्फॅक्टंटं तापवली की पाण्याकडे झुकतात, फक्त हा परिणाम सौम्य असतो. मीठ वाढवलं की दोन्ही प्रकार तेलाकडे झुकतात. आयनिकवर हा परिणाम जोरात दिसतो. पेंटेनॉल, हेक्झेनॉल यांसारखं लांब साखळीचं अल्कोहोलही तेलाकडेच ढकलतं.

आता सुरुवातीची तक्रार पुन्हा वाचा. आयनिक सर्फॅक्टंट, रात्री थंडावलेली खोली, तळाला सुटलेलं पाणी. थंडीने सर्फॅक्टंट तेलाकडे सरकलं, थेंबांना तेवढं पाणी धरवेना, उरलेलं खाली बसलं. नळी पुन्हा दुपारच्या तापमानाला आणली की पाणी आपोआप आत जातं. अशा वेळी रेसिपीला हात लावू नका, बाथ रात्रीही चालू ठेवा. बाथ शक्य नसेल तर क्षार किंवा अल्कोहोल थोडं कमी करून सीमेपासून दूर जा. कंपोझिशन निवडताना स्वच्छ पट्ट्याच्या काठावरचा बिंदू न घेता आतला घेतला, तर निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत. पण पाणी जास्तीत जास्त मावावं या हव्यासापायी सगळे काठावरच जाऊन बसतात.

अनायनिक सर्फॅक्टंट असेल तर तापमानाचा पट्टा काही वेळा एखाद्या अंशाइतका अरुंद असतो. स्टररच्या तापलेल्या प्लेटमुळेही तळ आणि वरचा भाग यांच्यात तेवढा फरक पडतो. हॉटप्लेटवर थेट ठेवलेल्या फ्लास्कमधलं धुकं मी तरी पुरावा मानत नाही.

मीठ, आणि माझा वाया गेलेला आठवडा

एसडीएस, पेंटेनॉल, सायक्लोहेक्झेन आणि पाणी अशी साधी व्यवस्था होती. कोरं मिश्रण तीन आठवडे शेल्फवर स्वच्छ बसून होतं. त्यातल्या पाण्याऐवजी पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण घातलं की तासाभरात गढूळ. मीठ वाढलं म्हणून सर्फॅक्टंट तेलाकडे झुकलं असणार, असं ठरवून मी पेंटेनॉल कमी केलं, मग सर्फॅक्टंट वाढवलं, मग पाणी कमी केलं. सर्फॅक्टंट वाढवल्यावर तर प्रकरण आणखी चिघळलं. शेवटी नळी दिव्यासमोर धरून सावकाश फिरवली, तेव्हा ते धुकं नव्हतंच. अभ्रकाच्या चुऱ्यासारखे चमकणारे बारीक पापुद्रे गरगर फिरत होते.

ते स्फटिक होते. एसडीएस हा सोडियमचा क्षार. पोटॅशियम आला की पोटॅशियम डोडेसिल सल्फेट तयार होतं आणि ते खोलीच्या तापमानाला पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. नळी ४० अंशांवर धरली की स्वच्छ, खाली आणली की पुन्हा चमक. पोटॅशियम आयोडाइडच्या जागी तेवढेच मोल सोडियम आयोडाइड घेतलं आणि प्रश्न संपला. आठवडाभर झुकाव सुधारत बसले होते, आणि बिघाड झुकावाचा नव्हताच.

तेव्हापासून धुकं दिसलं की आधी प्रकाशात फिरवून बघते: थेंब आहेत की कण. कण असतील तर पुढचा प्रश्न, कुठला आयन कुठल्या आयनाला भेटला. नॅनोकण करणाऱ्यांची ठरलेली ठेच म्हणजे सीटॅबच्या मायक्रोइमल्शनमध्ये सिल्व्हर नायट्रेट. सीटॅबमध्ये ब्रोमाइड असतं, त्यामुळे चांदीचे कण व्हायच्या आधीच सिल्व्हर ब्रोमाइड पडतं. पर्क्लोरेटही सीटॅबला खाली बसवतं. एओटी किंवा एसडीएसला कॅल्शियम चालत नाही, म्हणून नळाचं पाणी किंवा जुन्या आयन-एक्स्चेंज काडतुसाचं पाणी हेही संशयितांत धरा. काहीच मिसळलं नसताना कण दिसत असतील तर थंडीचा संशय घ्या: नुसत्या पाण्यात सीटॅब साधारण २५ अंशांच्या खाली आणि एसडीएस साधारण १६ अंशांच्या खाली स्फटिक होऊन बसू लागतं. अल्कोहोल असेल तर ही मर्यादा खाली सरकते, पण थंड खोलीत रात्र काढायला तेवढं पुरेलच असं नाही.

कण नसतील, थेंबच असतील, तर मात्र मिठाचा नेहमीचा परिणाम आहे. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: फेज डायग्राम अभिक्रियेत वापरणार त्याच क्षाराच्या, त्याच तीव्रतेच्या द्रावणाने पुन्हा काढा. डायग्रामचा पूर्ण त्रिकोण भरायची गरज नाही. सर्फॅक्टंट आणि अल्कोहोलचं गुणोत्तर कायम ठेवून तीन-चार तेल-सर्फॅक्टंट मिश्रणं घ्या, त्यांत ते द्रावण ब्युरेटने थेंबथेंब सोडा, आणि कुठे स्वच्छ होतं, कुठे पुन्हा गढूळतं हे टिपा.

अभिक्रिया संपताना फ्लास्कमध्ये काय असतं?

सुरुवातीला सगळं स्वच्छ आणि अर्ध्या वाटेवर फुटतं, हा वेगळा प्रकार. यात दोष काळाचा वाटतो, पण खरं तर मिश्रणच बदललेलं असतं. समजा १० मिलिलिटर मायक्रोइमल्शनमध्ये ३ मिलिलिटर पाणी आहे आणि १ मिलिमोल बेंझिल ब्रोमाइडची सोडियम सल्फाइटशी अभिक्रिया चालू आहे. ती पूर्ण झाली की १ मिलिमोल सोडियम ब्रोमाइड तयार होतं, म्हणजे त्या ३ मिलिलिटर पाण्यात सुमारे ०.३३ मोलर. शिवाय तेलातला बेंझिल ब्रोमाइड नाहीसा झाला आणि त्याच्या जागी पाण्यात विरघळणारा सल्फोनेट आला. तेल कमी झालं, पाण्यातले आयन बदलले, आणि बेंझिल ब्रोमाइडसारखा थोडा ध्रुवीय रेणू थेंबांच्या कडेला घुसून जो झुकाव देत होता तोही गेला.

म्हणून मी दोन खोट्या नळ्या लावते. एकीत सुरुवातीचं मिश्रण, पण अभिक्रिया होऊ नये म्हणून एक भागीदार वगळलेला, आणि दुसरीत अभिक्रिया शंभर टक्के झाली असं धरून उत्पादनं थेट घातलेली. दोन्ही अभिक्रियेच्या तापमानाला स्वच्छ राहिल्या तरच खऱ्या फ्लास्कला हात लावायचा. उत्पादन हाताशी नसेल तर निदान तेवढं मीठ तरी घालून बघा. ज्या अभिक्रियेत पाणी तयार होतं किंवा खर्च होतं, तिथेही हाच हिशेब मांडावा लागतो.

दोन मायक्रोइमल्शनं एकत्र करून कण काढायची पद्धत असेल, एकात धातूचा क्षार आणि दुसऱ्यात बोरोहायड्राइड, तर दोन्हींत पाणी आणि सर्फॅक्टंटचं गुणोत्तर सारखं ठेवा आणि दोन्ही आधी वेगवेगळी रात्रभर तपासा. बोरोहायड्राइडचं द्रावण पाण्यात हायड्रोजन सोडतं; त्या बुडबुड्यांना गढूळपणा समजून घाबरू नका, पण बूचही घट्ट लावू नका.

एओटीचं लपलेलं पाणी

एओटीला अल्कोहोल लागत नाही, म्हणून तेलातल्या पाण्याच्या थेंबांसाठी ते सगळ्यांचं आवडतं. यात पाणी आणि सर्फॅक्टंट यांचं मोल-गुणोत्तर हा मुख्य आकडा. आयसोऑक्टेनमध्ये ते १० असेल तर पाण्याच्या थेंबाची त्रिज्या साधारण दीड ते दोन नॅनोमीटर भरते. पण एओटी हवेतली ओल ओढतं, आणि ती ओल या आकड्यात कुणी धरत नाही.

हिशेब करून बघा. १०० मिलिलिटर ०.१ मोलर द्रावणाला ४.४५ ग्रॅम एओटी लागतं. त्यात २ टक्के ओल असेल तर ते झालं ०.०८९ ग्रॅम पाणी, म्हणजे गुणोत्तरात जवळपास ०.५ ची भर. १० च्या गुणोत्तराला १.८ मिलिलिटर पाणी घालता, तिथे हा फरक जाणवणार नाही. पण २ च्या गुणोत्तराला फक्त ०.३६ मिलिलिटर पाणी घालता. तिथे चौथा हिस्सा जास्तीचा आला. मागच्या महिन्याचा अभिक्रियेचा वेग या महिन्यात जुळत नाही याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. नवी बाटली उघडली की निर्वात ओव्हनमध्ये किंवा डेसिकेटरमध्ये वाळवा आणि कार्ल फिशर चाचणीने उरलेलं पाणी मोजून ते हिशेबात धरा. तेल बदललंत, समजा आयसोऑक्टेनऐवजी टोल्युइन घेतलंत, तर जुना आकडा विसरा. टोल्युइनमध्ये एओटीला पाणी कमी धरवतं.

अल्कोहोल मुका साक्षीदार नसतो

ब्युटेनॉल, पेंटेनॉल यांना आपण फक्त मदतनीस समजतो. दोन गोष्टी विसरतो. एक, ते आणि सायक्लोहेक्झेनसारखं तेल दोन्ही उडून जातात. ढिल्या बुचाचा, नायट्रोजन सोडलेला फ्लास्क रात्रभर तापवला की प्रमाण बदलतंच. अभिक्रियेआधी आणि नंतर फ्लास्क बुचासकट वजन करा, एवढ्यावर शंका मिटते. दोन, ते अभिक्रियेत उतरतं. ॲसिड क्लोराइड, आयसोसायनेट, तीव्र ऑक्सिडीकारक यांच्यासमोर अल्कोहोल खर्च होतं आणि तो आधार गेला की थेंब फुटतात. कधी याचा फायदाही होतो: मेंजर आणि एल्रिंग्टन यांनी १९९० मध्ये एसडीएस, ब्युटेनॉल आणि सायक्लोहेक्झेनच्या मायक्रोइमल्शनमध्ये हायपोक्लोराइटने मस्टर्ड या युद्धातल्या विषारी वायूसारख्या सल्फाइडचं १५ सेकंदांत ऑक्सिडीकरण केलं, आणि तिथे ब्युटेनॉलपासून तयार होणारा अल्किल हायपोक्लोराइट कामाला आला. पण असं मिश्रण शेल्फवर ठेवण्यासाठी नसतं.

सर्फॅक्टंट स्वतःही झिजतं. आम्लात, विशेषतः तापवल्यावर, एसडीएसचं जलविघटन होऊन डोडेकेनॉल होतं. ते लांब साखळीचं अल्कोहोल, म्हणजे झुकाव तेलाकडे. तीव्र आम्लारीत एओटीचे एस्टर बंध तुटतात. पहिल्या दिवशी स्वच्छ, तिसऱ्या दिवशी धुकट, आणि तापमान बदलूनही परत स्वच्छ होत नाही, असं दिसलं तर याकडे बघा. परत न येणं हीच इथली खूण. नुसता झुकाव सरकला असता तर तापमानाने परत आला असता.

जे बिघाड नाहीत

निळसर झाक म्हणजे गढूळपणा नव्हे. थोड्या मोठ्या थेंबांवरून प्रकाश विखुरला की आडव्या प्रकाशात निळं आणि आरपार बघितलं तर किंचित पिवळसर दिसतं. सीमा जवळ आल्याची ती सूचना असू शकते, पण मिश्रण अजून एकच आहे. उलट, नळी उपडी केली तरी न वाहणारी, पारदर्शक पण घट्ट अशी जेल दिसली तर ते मायक्रोइमल्शन नाही. दोन पोलरायझर काटकोनात धरून मधून बघा. उजळ पट्टे दिसले तर तो पटलांचा किंवा षट्कोनी द्रवस्फटिक; अंधारच राहिला तर घनीय द्रवस्फटिक असू शकतो. दोन्हींत अभिकारक हलायला वेळ लागतो. पाणी थोडं वाढवून किंवा अल्कोहोल थोडं जास्त घालून त्यातून बाहेर पडता येतं.

हे सगळं करूनही तापमानाचा पट्टा दोन अंशांपेक्षा रुंद होत नसेल, तर मी त्या सर्फॅक्टंटच्या मागे लागत नाही. अल्किल ग्लुकोसाइडसारखी साखरेची सर्फॅक्टंटं तापमानाला फारशी दाद देत नाहीत आणि मीठही बरंच सोसतात. त्यांना झुकाव द्यायला मध्यम साखळीचं अल्कोहोल लागतं, आणि त्यांचा ग्लुकोसाइड बंध तीव्र आम्लात टिकत नाही. म्हणून माध्यम उदासीन किंवा आम्लारीधर्मी असेल तेव्हाच त्यांच्याकडे वळते.